बारा कोसांवर भाषा बदलते, पाखरांचीसुद्धा!

मंडळी, हिवाळ्यात आपल्याकडच्या झाडांच्या शेंड्यात एक इवलासा हिरवट पक्षी किडे टिपत हिंडतो. हिरवट पर्ण वटवट्या. वजन जेमतेम 8 ग्रॅम. पण ‘एका जातीच्या दोन जाती कशा होतात?’ या प्रश्नाच्या इतिहासात याचं नाव फार मोठं आहे.

1938 साली क्लॉड टाइसहर्स्ट या ब्रिटिश अभ्यासकाने एक तर्क मांडला. हे पक्षी मूळचे हिमालयाच्या दक्षिणेकडचे. तिबेटच्या पठारावर जंगल नाही, म्हणून त्याला वळसा घालत ते उत्तरेकडे पसरले. एक शाखा मध्य आशियातून, दुसरी चीनमधून. सैबेरियात दोन्ही टोकं पुन्हा भेटली, पण तोवर एकमेकांना अनोळखी झाली होती!

आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, तसंच. शेजाऱ्याचं शेजाऱ्याला कळतं, टोकाचं टोकाला नाही. 2001 मध्ये डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी गाणी आणि डीएनए दोन्ही तपासले. गाणं टप्प्याटप्प्याने बदलत गेलेलं दिसलं. सैबेरियातले दोन प्रकार मात्र एकमेकांच्या गाण्याला दादच देत नाहीत.

गोष्ट इथेच संपली असती. पण 2014 मध्ये पूर्ण जनुकसंचभर ठिकठिकाणी तपासणी झाली आणि चित्र बदललं. ही साखळी कायम अखंड नव्हती. पश्चिम हिमालयातही दोन गट दीर्घ काळ तुटलेले होते. आज तिथे त्यांचा मोठा संकर चालू आहे. आणि सैबेरियातल्या ‘अनोळखी’ टोकांमध्येही अधूनमधून सोयरीक झालेली निघाली. तरी दोन्ही प्रकार आपापले वेगळे राहिलेच.

म्हणजे काय, तर जात ही दगडी भिंत नाही. तुटणं, जुळणं, पुन्हा तुटणं, हाच तिचा इतिहास. आणि तो इतिहास वाचता आला तो मधल्या दुव्यांमुळे. नुसती दोन टोकं उरली असती तर आपण ‘दोन वेगळे पक्षी’ म्हणून मोकळे झालो असतो.

म्हणून कुठे झाडं तोडताना ‘इथे दुर्मीळ काही नाही, साधेच पक्षी आहेत’ असं कोणी म्हणालं, की थोडं थांबा. जातीचं नाव यादीत राहतं हो, पण मधला दुवा गेला की तो परत लावता येत नाही. आणि हा पाहुणा तर वर्षातले कित्येक महिने आपल्याच झाडांवर जगतो.