तापी, गोदावरी आणि वानराची शेपटी

सेमाडोहच्या फाटकावर आमची जिप्सी सकाळची फेरी संपवून परतली, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या गाडीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "काय दिसलं?" आमच्या गाडीतल्या एकाने उत्तर दिलं, "काही नाही हो. नुसती वानरं." सगळे हसले. मीही हसलो आणि वही पिशवीत ठेवली. त्या वहीत त्या सकाळच्या चार टोळ्यांची नोंद होती. मी मेळघाटात आलो होतो तो वानरं पाहण्यासाठीच.

माझं अमरावतीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. इतिहासाचीही नाही. पण पंधरा-वीस वर्षं ग्रंथालयातून जुनी पुस्तकं आणणं, ती शब्दकोश घेऊन वाचणं आणि सवड काढून मेळघाटात जाणं, एवढा नाद आहे. या नादातच एक प्रश्न हाती लागला. तो वऱ्हाडाचा आहे, म्हणून इथे मांडतो.

मेळघाटात नरवानर गणातले दोन प्राणी राहतात. माणूस धरला तर तीन. एक, काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर. दुसरं, लालसर तोंडाचं, आखूड शेपटीचं माकड, म्हणजे ऱ्हीसस. मराठीने वानर आणि माकड हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, आणि शास्त्रानेही त्यांची उपकुळं वेगळीच मानली आहेत. वानर मुख्यतः पाला खातं. त्याच्या पोटात गाईम्हशींसारखे कप्पे असतात आणि पाला तिथे आंबून पचतो. माकडाला असं पोट नाही, पण गालात पिशव्या आहेत. मिळेल ते कोंबायचं आणि दूर जाऊन सावकाश खायचं, ही त्याची रीत.

वऱ्हाडाला वानरांची ओळख आजची नाही. अचलपूरजवळच्या चमक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला हा राजा. त्या ताम्रपटातल्या चर्मांक गावाचं नाव आजच्या 'चमक'मध्ये अजून ऐकू येतं. याच प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबन्ध' हे माहाराष्ट्री प्राकृतातलं महाकाव्य आहे, आणि बहुतेक अभ्यासक ते त्याचंच मानतात. विषय, समुद्रावर पूल बांधणारी वानरसेना. वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्मची, म्हणजे आजच्या वाशिमची. १९९८ पर्यंत वाशिम अकोला जिल्ह्यातच होतं. त्या शाखेच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याचं सतरावं लेणं कोरलं गेलं. त्याच्या भिंतीवर महाकपि जातक रंगवलेलं आहे. आपल्या टोळीला नदीपार नेण्यासाठी वानरराज स्वतःच्या देहाचा पूल करतो, अशी ती कथा. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वी या मुलखाच्या दोन्ही राजशाखांच्या काळात वानर काव्यातही आलं आणि चित्रातही, दोन्हीकडे पूल बांधताना.

मेळघाटात मात्र रामायणाची दुसरी बाजूही नांदते. कोरकूंची उत्पत्तिकथा रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात नोंदलेली आहे. सातपुडा आणि विंध्य निर्मनुष्य आहेत हे रावणाने पाहिलं आणि इथे माणसं वसव, अशी महादेवाला विनंती केली. महादेवाने लाल मातीच्या मूर्ती घडवल्या, तेच कोरकूंचे पूर्वज. होळीच्या सुमारास मेळघाटात आजही मेघनाथाचा खांब उभा राहतो. रावणाच्या शब्दावरून वसलेली माणसं आणि मारुतीच्या कुळातले प्राणी एकाच सागवानाच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत. आमच्या गाडीत वाटाड्या असलेला कोरकू तरुण मला म्हणाला होता, "साहेब, वाघ कुठे आहे हे आम्ही वानराला विचारतो." ते खरंच आहे. उंच फांदीवरून वाघ किंवा बिबट्या दिसला की वानर खाकरल्यासारखा इशारा देतं आणि खाली चरणारी चितळं माना वर करतात.

साहेब लोक या डोंगरात आले ते तोफा घेऊन. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने गाविलगड घेतला. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचं पठार गोऱ्यांच्या नकाशावर आणलं. मग शिकारी आले, जंगलखातं आलं. १९११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तिच्या अगदी सुरुवातीच्या संग्रहांत खानदेश आणि वऱ्हाड होते. पद्धत ठरलेली होती. प्राणी मारायचा, कातडं सोलून भरायचं, कवटी स्वच्छ करायची, चिठ्ठी बांधून लंडनला धाडायचं. तिथे तज्ज्ञ मंडळी केसांचा रंग आणि दातांची मापं पाहून नावं द्यायची.

वानरांच्या नावांची कथा गमतीची आहे. १७९७ मध्ये द्युफ्रेन या फ्रेंच अभ्यासकाने बंगालच्या वानराला 'एन्टेलस' हे नाव दिलं. एन्टेलस म्हणजे रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड'मधला म्हातारा मुष्टियोद्धा. नंतरच्यांनी तोच धागा पुढे ओढला. कलकत्त्याच्या ब्लिथने १८४४ मध्ये प्रायम आणि अँकायसीस ही नावं दिली. पोकॉकने १९२८ मध्ये एजॅक्स, हेक्टर, अकेटीस यांची भर घातली. लंकेच्या लढाईतल्या आपल्या वीरांना असे ट्रॉयच्या लढाईतल्या वीरांचे बिल्ले लागले. नावं पुष्कळ झाली, पण कोणतं वानर कुठे संपतं आणि कुठून दुसरं सुरू होतं, याचा निकाल कातड्यांच्या ढिगातून लागेना. ऋतूनुसार आणि वयानुसार केसांचा रंग बदलतो, एका टोळीतही तो सारखा नसतो.

या गोंधळात एक वेगळीच खूण पुढे आणली ती एका भारतीय शास्त्रज्ञाने. मिठनलाल रूणवाल हे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक होते. त्यांनी देशभरची जिवंत वानरं पाहिली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलं की, वानर चार पायांवर चालताना शेपटी कशी धरतं ते बघा. उत्तरेकडचं वानर शेपटी पाठीवरून पुढे, डोक्याच्या दिशेने वळवतं. दक्षिणेकडच्याची शेपटी वर उठून मागच्या बाजूला वळते. आणि या दोन रीतींमधली सीमा ढोबळमानाने तापी-गोदावरीची आहे.

हे वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. दोनशे वर्षं बंदुकीने गोळा केलेल्या कातड्यांत ही सीमा दिसणं शक्यच नव्हतं. भरलेल्या कातड्याची शेपटी जिकडे वळवावी तिकडे वळते. ही खूण फक्त जिवंत, चालत्या प्राण्यात असते. ती पाहायला बंदूक लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, पदवीही लागत नाही. पुढे २०१० मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वानरांची जनुकं तपासली, तेव्हा उत्तरेची आणि दक्षिणेची वानरं दोन वेगळ्या शाखांत पडली. शेपटी खरं बोलत होती.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ उगम पावते आणि मेळघाटाच्या उत्तर अंगाने पश्चिमेला जाते. गोदावरी नांदेडवरून पूर्वेला जाते. या दोन नद्या कुठेच भेटत नाहीत. मग 'तापी-गोदावरी' ही एक सीमा कशी? मधली रेघ कोणीतरी जमिनीवरून ओढायलाच हवी, आणि ती ओढायची तर पुष्कळशी जमीन आपली आहे. अमरावती आणि अकोला तापीच्या दक्षिणेला आहेत आणि गोदावरीच्या उत्तरेलाही आहेत. आपली पूर्णा तापीला मिळते. अमरावतीच्या पूर्व कडेची वर्धा मात्र प्राणहितेतून गोदावरीला जाते. पुस्तकात ज्याला सीमा म्हटलं आहे, त्या सीमेच्या मधोमध आपण राहतो.

माकडांचंही तसंच. ऱ्हीसस उत्तरेचं. दक्षिणेत त्याच्या जागी बॉनेट माकड येतं. डोक्यावर भोवऱ्यासारखी केसांची टोपी, शेपटी अंगाइतकी किंवा त्याहून लांब. सिंहगडावर किंवा महाबळेश्वरला हातातली पिशवी ओढतं ते हेच. या दोघांमधली जुनी सीमाही पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी अशीच सांगितली जाते. दोन वेगळ्या उपकुळांतल्या प्राण्यांच्या सीमा एकाच पट्ट्यात याव्यात, हा मला योगायोग वाटत नाही.

वानरांचा अभ्यास जगभर गाजला तोही या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना. दक्षिणेला धारवाड. तिथे युकिमारू सुगियामा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९६१ ते १९६३ या काळात टोळ्या पाहिल्या. बाहेरचा नर टोळी जिंकतो आणि मग तिच्यातली तान्ही पिल्लं मारली जातात, हे त्यांनी नोंदवलं, तेव्हा पुष्कळांना ते पटलं नाही. उत्तरेला अबूचा डोंगर. तिथल्या वानरांवर सारा हर्डी यांनी १९७७ मध्ये ग्रंथ लिहिला. पिल्लं मारण्यात नराचा स्वतःची संतती वाढवण्याचा हिशोब असतो, ही त्यांची मांडणी आज प्राणिवर्तनाच्या अभ्यासात पायाभूत मानली जाते. मधल्या मेळघाटात मात्र १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि सगळ्यांचे डोळे वाघाकडे लागले. वाघाने रान वाचवलं, हे विसरून चालणार नाही. पण रानात गेलेल्या माणसाची नजर त्याने बांधून ठेवली, हेही खरं आहे.

म्हणून मी वही घेऊन जातो. शहानूरच्या बाजूने नरनाळ्याला, परतवाड्याहून सेमाडोह-कोलकासला. शेपट्या पाहणं वाटतं तितकं सोपं नाही. वानर बहुतेक वेळ बसलेलं असतं आणि फांदीवर बसलेल्या वानराची शेपटी सरळ खाली लोंबते. तिच्यावरून काहीच कळत नाही. टोळी रस्ता ओलांडते ते दहा-पंधरा क्षण तेवढे कामाचे. एका दुकानदाराच्या काही हिवाळ्यांच्या नोंदींवरून सीमा आखायची नसते, म्हणून माझे आकडे इथे देत नाही. पण दर गावी एक शाळामास्तर, एक वनरक्षक, एक कोरकू पोरगा अशी वही ठेवेल, तर दोन-तीन वर्षांत वऱ्हाडावरून ही रेघ ओढता येईल.

ही घाई कशासाठी? कारण रेघ पुसली जाते आहे. २०११ मध्ये ऋषी कुमार, सिंधू राधाकृष्ण आणि अनिंद्य सिन्हा यांनी दाखवून दिलं की, ऱ्हीसस माकडं जुनी सीमा ओलांडून दक्षिणेला सरकत आहेत आणि बॉनेट माकडांचा मुलूख आक्रसतो आहे. यात माणसाचा हात आहे. एका गावाला त्रास झाला की माकडं पकडायची, गाडीत घालायची आणि लांबच्या कुठल्या तरी घाटात सोडून द्यायची. पिंजऱ्याचं दार उघडणाऱ्याला आपण शेकडो पिढ्यांची सीमा मोडतो आहोत, याची कल्पनाही नसते.

हे मी एकदा मोर्शीकडच्या एका संत्राबागाईतदाराला सांगत होतो. तो मोटार दुरुस्तीला घेऊन आला होता. सगळं शांतपणे ऐकून तो म्हणाला, "भाऊ, तुमी शेपट्या मोजा, आमी खाली पडलेली संत्री मोजतो. मले सांगा, शनिवारी मारुतीले तेल वाहाचं अन् रविवारी वांदरावर डबा वाजवाचा, हे काहून आमच्याच नशिबी?" मला उत्तर देता आलं नाही. त्याचं नुकसान खरं आहे. अंबिया बहराची फळं धरलेली असताना टोळी बागेत उतरली, तर खाण्यापेक्षा नासाडी जास्त होते. वानरांना जपा म्हणणाऱ्याने आधी त्याच्या भरपाईबद्दल बोलायला हवं. पण चिखलदऱ्याच्या पॉइंटवर गाडी थांबवून वानरांना शेंगदाणे आणि चिप्स भरवणारे आपण त्या बागाईतदाराचं नुकसान वाढवतो, हेही बोलायला हवं. माणसाच्या हातचं खायला शिकलेली टोळी उद्या गावात येते, परवा बागेत. मग पिंजरा येतो, गाडी येते.

त्या दिवशी मोटार घेऊन जाताना तो दारात थांबला. "आमच्या बागेत येते ते टोयी," तो म्हणाला, "तिच्या शेपट्या मी पाह्यल्याच नाईत कदी. हाकलाच्याच घाईत असतो." मी दुकानातली एक कोरी वही त्याच्या हातात दिली. पहिल्या पानावर तीन खाने आखून दिले. तारीख, जागा, शेपटी पुढे की मागे.

दिवाळीनंतर तुमच्यापैकी पुष्कळजण मेळघाटात याल. वाघ दिसो तुम्हाला. पण वाटेत वानरांची टोळी रस्ता ओलांडताना दिसली, तर ड्रायव्हरला क्षणभर थांबायला सांगा. खायला काही देऊ नका. त्यांना चालू द्या, आणि शेपटी कुणीकडे वळली आहे तेवढं बघून ठेवा.