वारशाने आलेला प्याला

बापाने आंबट द्राक्षे खावीत आणि दात मुलांचे आंबावेत, ही इस्राएलातील जुनी म्हण यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात खोडून काढली आहे. बापाच्या पापाचा भार मुलाच्या माथी नाही, असे तो बजावतो. हा उतारा वाचताना आमच्या मनात नेहमी एक प्रश्न राही : घराण्याची वाट जो सोडतो, त्याला पुढे सोबत कोणाची? आयर्लंडमधील डब्लिन शहरातल्या एका मजुराच्या चरित्रात आम्हांला त्याचे उत्तर सापडले.

मॅट टॅलबॉटचा जन्म २ मे १८५६ रोजी झाला. बारा भावंडांतला तो दुसरा. वडील चार्ल्स गोदीत कामाला होते. त्यांना दारूचे व्यसन होते आणि थोरला मुलगा वगळता बाकीचे मुलगेही त्याच वाटेने गेले. मॅटच्या वाट्याला शाळा फारशी आली नाही. वयाच्या बाराव्या वर्षी तो एका दारूच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तेथेच त्याला प्याल्याची ओळख झाली. पुढे मजुरी सगळी गुत्त्यात जाऊ लागली. पैसे संपले की तो पायांतले बूटही गहाण ठेवी. एकदा तर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या एका माणसाचे फिडल चोरून दारूसाठी विकले.

१८८४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, एका शनिवारी तो रिकाम्या खिशाने गुत्त्याबाहेर उभा राहिला. कामावर खाडे झाल्याने मजुरी मिळाली नव्हती. आजवर ज्यांना त्याने पाजले, त्यांतला कोणीतरी आत बोलावील अशी त्याची आशा होती. सोबती समोरून गेले. एकानेही विचारले नाही. तो घरी परतला आणि दारू सोडण्याची शपथ घेतो, असे आईला म्हणाला. पाळणार असशील तरच घे, एवढेच त्या माउलीने सांगितले. त्याच दिवशी त्याने धर्मगुरूंपुढे तीन महिन्यांची शपथ घेतली आणि पापनिवेदन केले. दुसऱ्या दिवशी त्याने ख्रिस्तशरीर स्वीकारले. तीन महिन्यांची ती शपथ पुढे जन्मभराची झाली.

खरी परीक्षा यानंतर सुरू झाली. काम सुटल्यावर जायचे कोठे? दारू सुटली तेव्हा सोबतीही सुटले, आणि घरात भावांचे पिणे चालूच होते. त्यांची संगत सोसवेना, तेव्हा त्याने वेगळी खोली घेतली. एकदा मोहाच्या भरात तो गुत्त्यात शिरला. पण वाढणाऱ्याचे लक्षच गेले नाही, म्हणून तसाच बाहेर पडला. त्यानंतर तो खिशात पैसे बाळगीनासा झाला. एकटेपण त्याने तक्रार करीत काढले नाही. पहाटे कामाआधी मिस्सा, संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना आणि रात्री अडखळत वाचन, असा त्याने दिवस भरून काढला. न कळलेले शब्द तो धर्मगुरूंना विचारी. जुनी उधारी त्याने फेडली. फिडलवाल्याचा त्याने पुष्कळ शोध घेतला; तो सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करविल्या. १८९९ साली वडील वारल्यावर त्याने आईला आपल्याजवळ आणले आणि १९१५ साली तिचा अंत होईपर्यंत सांभाळले.

म्हणजे मॅटने घराण्याची खोड तोडली, घराण्याशी नाते तोडले नाही. न सुटणाऱ्या दारुड्याविषयी कठोर बोलू नये, असे तो म्हणे. कारण ती सोडणे किती कठीण, हे त्याने अनुभवले होते.

७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्सेला जाताना तो रस्त्यात कोसळला व वारला. प्रायश्चित्त म्हणून त्याने अंगावर साखळ्या धारण केल्या होत्या, हे तेव्हाच कळले. त्या साखळ्यांचे अनुकरण करावे, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला 'पूज्य' घोषित केले.

व्यसनमुक्तांना एकमेकांची सोबत देणारी अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, म्हणजे मॅटच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. त्याला आधार होता तो देवळाच्या उघड्या दाराचा. आपल्याकडेही लग्नात, बारशात, पाहुणचारात 'घेत नाही' म्हणणारा माणूस कोपऱ्यात एकटा बसलेला दिसतो. त्याची थट्टा करणारे आपणच असतो. वडिलांचा प्याला खाली ठेवण्याचे बळ प्रभू देतो. पण खाली ठेवलेल्या त्या हाताला धरण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर अशा एखाद्या भावाला आपण घरी चहाला बोलावू या.