लाल औषधाची बाटली ते व्हॉट्सॲपची चिठ्ठी : फॅमिली डॉक्टरचा दवाखाना कसा बदलत गेला

साठी-सत्तरीतले रुग्ण मला एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, पूर्वी ते लाल औषध मिळायचे, ते आता का देत नाहीत?" लाल औषध म्हणजे मिक्श्चर. घरून रिकामी बाटली न्यायची, आतल्या खोलीतला कंपाउंडर मोठ्या बरणीतले औषध तीत ओतायचा आणि बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. पट्टीचा एक दात म्हणजे एक डोस. सोबत दोन-चार पुड्या. डॉक्टरची फी आणि औषधाचे पैसे वेगळे मोजले जात नसत.

या प्रश्नाचे छोटे उत्तर असे, की ठरलेल्या मात्रेच्या तयार गोळ्या बाजारात आल्या आणि १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध बनवून देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवले. डॉक्टरला स्वतःच्या रुग्णाला औषध देण्याची मुभा आजही आहे, पण औषधांचे दुकान मांडता येत नाही. त्यामुळे बरणी गेली, बाटली गेली आणि हळूहळू कंपाउंडरही गेला.

मोठे उत्तर मात्र सव्वाशे वर्षांचे आहे. एका डॉक्टरचा, दोन खोल्यांचा दवाखाना या काळात अनेकदा हादरला आणि दर वेळी बदलून पुन्हा उभा राहिला. त्यात काय गेले आणि काय टिकले, हे रुग्ण म्हणून तुम्हाला माहीत असायला हवे. कारण जे टिकले आहे त्याचा थेट संबंध तुमच्या तब्येतीशी आहे.

मांडवीतले निदान, १८९६

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या दाट वस्तीत, मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस रुग्ण तपासत होते. जोराचा ताप, गुंगी आणि जांघेत किंवा काखेत गाठ, अशी लक्षणे त्यांना दिसली. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी ओळखले. ते महापालिकेचे सदस्यही होते. २३ सप्टेंबरला त्यांनी ही गोष्ट स्थायी समितीत सांगितली. सुरुवातीला ती मान्य करायला अनेकजण तयार नव्हते, पण निदान बरोबर ठरले. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई शहर सोडून गेली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. साथीची पहिली बातमी मोठ्या रुग्णालयातून नव्हे, तर वस्तीत रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरकडून आली. वस्तीतला नेहमीचा ताप कसा असतो हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच वेगळा ताप पटकन ओळखू येतो.

फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. घरांची झडती, सक्तीने रुग्णालयात नेणे, सामान जाळणे सुरू झाले. लोक इतके घाबरले की रुग्ण लपवू लागले. अशा वेळी आपल्यातला डॉक्टर हाच आधार होता. पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. त्यांच्या आई सावित्रीबाई तिथे सेवा करताना प्लेगनेच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, तेव्हा लोकांना ती टोचून घ्यायला तयार करण्याचे कामही व्हिएगस यांच्यासारख्या डॉक्टरांनी केले. ओळखीच्या माणसाने सांगितले तरच लोक दंड पुढे करतात, हे आपण २०२१ मध्येही पाहिले.

पाटीवरची अक्षरे

जुन्या दवाखान्यांच्या पाट्यांवर एलसीपीएस, एलएमपी अशी अक्षरे तुम्ही पाहिली असतील. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. एमबीबीएसपेक्षा कमी मुदतीचे लायसन्शिएट अभ्यासक्रम तेव्हा चालत असत, आणि गावोगावचे कितीतरी दवाखाने त्यांच्याच जोरावर उभे होते. १९३८ च्या मुंबई इलाख्यातील कायद्याने वैद्य आणि हकिमांचीही नोंदणी सुरू केली. १९४६ मध्ये भोर समितीने सुचवले की देशात डॉक्टर घडवण्याचा दर्जा एकच असावा, एमबीबीएसचा. लायसन्शिएट अभ्यासक्रम बंद होत गेले. दर्जा वाढला, पण लहान गावात जाऊन बसणारा डॉक्टर दुर्मीळ होऊ लागला. ही किंमत आपण अजून मोजत आहोत.

छावणी आणि कारखाने

आता आपल्या भागाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि कॅम्पचे उल्हासनगर झाले. निर्वासितांमध्ये डॉक्टर, वैद्य, हकीमही होते. डॉक्टरचे खरे भांडवल म्हणजे रुग्णांची ओळख. कोणाच्या घरात दमा आहे, कोणाला पेनिसिलिन चालत नाही, ही माहिती बहुतेक वेळा कागदावर नव्हे, डोक्यात असायची. फाळणीत रुग्ण चहूकडे पांगले आणि ते भांडवल गेले. नव्या वस्तीत ते पहिल्यापासून जमवावे लागले.

शेजारच्या अंबरनाथमध्ये विमकोचा आगपेटीचा कारखाना होता, पुढे आयुध निर्माणी आणि एमआयडीसी आली. कारखान्यांबरोबर एक नवी व्यवस्था आली, ती म्हणजे कर्मचारी राज्य विमा, आपल्या तोंडातले 'ईएसआय'. कायदा १९४८ चा, महाराष्ट्रात योजना सुरू झाली १९५४ मध्ये. या योजनेत सरकारी दवाखान्यांबरोबर 'पॅनल डॉक्टर'ही होते. कामगाराने यादीतला एक खासगी डॉक्टर निवडायचा आणि त्या डॉक्टरला नाव नोंदलेल्या प्रत्येक कामगारामागे ठरावीक वार्षिक रक्कम मिळायची. कामगार वर्षात एकदा येवो की वीसदा, रक्कम तीच.

डॉक्टरला नियमित उत्पन्न मिळाले आणि कामगाराला खिशात हात न घालता उपचार. पण एक नवी अडचण आली. आजारपणाच्या दाखल्यावर डॉक्टरची सही असायची आणि त्या सहीवर पगाराची भरपाई ठरायची. ज्याच्यावर उपचार करायचे त्याच्याच सुट्टीचा निवाडाही करायचा, अशी ही कसरत होती. आणखी एक गोष्ट. कारखाना बंद पडला की वर्गणी थांबते, आणि काही काळाने विम्याचा हक्कही संपतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर आणि पुढे कारखाने बंद पडत गेले तेव्हा ज्या दवाखान्याची मदार अशा कामगारांवर होती, त्याला पुन्हा रोख फी देणाऱ्या रुग्णाकडे वळावे लागले. पण ती फी द्यायला त्या रुग्णाकडेही पैसे उरले नव्हते.

सुई, कोर्ट आणि ८० चिठ्ठ्या

१९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले. उकळत्या पाण्याच्या डब्यातल्या काचेच्या सिरिंज त्यानंतर हद्दपार झाल्या आणि एकदाच वापरायची सुई आली. हा बदल रुग्णांच्या भल्याचाच होता. सुई टाकून देण्याचा खर्च मात्र वाढला.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. तोवर अनेक दवाखान्यांत केस पेपरवर दोन शब्द असायचे, ताप आणि औषधाचे नाव. आता डॉक्टर सविस्तर लिहू लागले. हे चांगले झाले. पण 'उद्या विचारले तर' या धास्तीने तपासण्या आणि पुढे पाठवण्याच्या चिठ्ठ्याही वाढल्या. तुमच्या हातातल्या रिपोर्टच्या जाड फायलीमागे हेही एक कारण आहे.

एकट्याच्या दवाखान्याचा कमकुवतपणाही सांगायला हवा. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धारावीतल्या सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना क्षयरोगावर काय औषध लिहाल, असे विचारले होते. उत्तरादाखल ८० वेगवेगळे उपचार मिळाले! म्हणजे स्वतंत्र असणे आणि मनाला येईल तसे वागणे यांत फार अंतर उरले नव्हते. टीबीची औषधे चुकीच्या मिश्रणात किंवा अर्धवट घेतली की जंतू औषधांना दाद देईनासे होतात, आणि त्याचा भार सगळ्या वस्तीवर पडतो. २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे. तुमचे नाव नोंदवले म्हणून रागावू नका. ती नोंद तुमचा कोर्स पूर्ण व्हावा यासाठी असते.

पाण्यातून चाललात का?

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास नदीचे पाणी बदलापूर, कल्याणच्या वस्त्यांत शिरले. तळमजल्यावरच्या दवाखान्यांसाठी असा पूर म्हणजे फ्रिजमधल्या लसी आणि वर्षानुवर्षांचे केस पेपर एका रात्रीत पाण्यात.

पूर ओसरल्यावर तापाचे रुग्ण वाढले. त्यांतला लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतो. सुरुवातीला तो साध्या तापासारखाच असतो. नंतर मात्र मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस निकामी होऊ शकते. वेळेवर ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होतो. ओळखण्याची गुरुकिल्ली एका प्रश्नात असते : "गेल्या पंधरवड्यात साचलेल्या पाण्यातून चाललात का?" कोणत्या गल्लीत पाणी भरते हे ठाऊक असलेला डॉक्टर हा प्रश्न विसरत नाही.

२०२० : तोच जुना कायदा

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोविडसाठी नियम काढले, ते १८९७ च्याच साथरोग कायद्याखाली. प्लेगच्या वेळचा कायदा सव्वाशे वर्षांनी पुन्हा बाहेर आला. काही दवाखाने भीतीने बंद झाले, काही सुरक्षा किट नसल्यामुळे. ३१ मार्चला नवी मुंबई महापालिकेने खासगी दवाखाने उघडे ठेवण्याचा आदेश दिला आणि न उघडल्यास कारवाईचा इशारा दिला. एप्रिलमध्ये धारावीत खासगी डॉक्टर पालिकेबरोबर घरोघरी फिरून ताप आणि ऑक्सिजन तपासत होते.

नवी मुंबईतले दवाखाना चालवणारे एक डॉक्टर जून २०२० मध्ये कोविडने गेले. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राची ५० लाखांची विमा योजना होती. त्यांच्या पत्नीने दावा केला. तो फेटाळला गेला, कारण त्यांच्या सेवा सरकारने कोविडसाठी अधिगृहीत केल्या नव्हत्या, असे सांगितले गेले. मुंबई उच्च न्यायालयानेही मार्च २०२१ मध्ये हेच मान्य केले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कायदा, नियम आणि तो आदेश एकत्र पाहिले तर डॉक्टरांच्या सेवा अधिगृहीत केल्या गेल्याच होत्या. प्रत्येक दाव्याचा निर्णय मात्र पुराव्यानुसार व्हायचा आहे. साथ आली की दवाखाना सार्वजनिक असतो आणि साथ गेली की खासगी, ही वृत्ती या प्रकरणात उघड झाली.

त्याच महिन्यात, २५ मार्च २०२० रोजी, फोनवरून उपचार देण्याबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि चिठ्ठी व्हॉट्सॲपवर येऊ लागली. सोय झाली, पण पोट हाताने चाचपल्याशिवाय अपेंडिक्सचा संशय येणे कठीण, आणि श्वासाचा आवाज फोनवर ऐकू येत नाही.

मग तुम्ही काय करायचे?

बरणी, कंपाउंडर, काचेची सिरिंज, हे सगळे गेले. टिकली ती एकच गोष्ट : तुम्ही बरे असताना कसे दिसता हे माहीत असलेला डॉक्टर. तीही आता कमी होते आहे. ज्येष्ठ डॉक्टर निवृत्त झाले की पाटी उतरते आणि जागी मोबाइलचे दुकान येते. जागेचे भाडे, वाढलेला खर्च आणि रुग्णालयातली नोकरी यांपुढे नव्या पिढीला एकट्याचा दवाखाना परवडत नाही. बुवापाड्यासारख्या वस्तीत, जिथे मी काम करतो, तिथे मोठे रुग्णालय हा नेहमीच्या तापाचा पर्याय होऊ शकत नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी करा :

• घरातल्या प्रत्येकाची एक फाइल ठेवा. ॲलर्जी, चालू गोळ्या, झालेली ऑपरेशने, शेवटचे रिपोर्ट. पावसाळ्यात ती उंचावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

• रुग्णालयात दाखल झाला असाल तर कागदपत्रांची प्रत मागा. अर्ज केल्यापासून ७२ तासांत ती देणे नियमाने अपेक्षित आहे.

• दर तापाला नवा डॉक्टर शोधू नका. दुसरे मत जरूर घ्या, पण पहिल्या डॉक्टरला सांगून घ्या.

• फोनवर सल्ला देणाऱ्या अनोळखी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारा. अमली गटातली औषधे फोनवरून लिहून देता येत नाहीत.

• छातीत दुखणे, एका बाजूची ताकद जाणे, धाप लागणे, बेशुद्धी, अशा वेळी दवाखान्याच्या रांगेत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

आणि पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरकडे गेलात की एक विचारा : "तुमच्यानंतर आम्हाला कोण बघणार?" उत्तर तयार नसेल तर निदान तुमची माहिती लिहून तुमच्या हातात द्यायला सांगा. लाल औषधाची बाटली परत येणार नाही. तुमच्या आजारांचा इतिहास मात्र डॉक्टरच्या डोक्यातून तुमच्या फाइलमध्ये यायला हवा, आणि तो डॉक्टर अजून समोर बसलेला असतानाच यायला हवा.