घाटवाटांचे राजे



शिवथरच्या खोऱ्यातून वर पाहिले की सह्याद्रीची भिंत आडवी येते. त्या भिंतीतून वरंध्याची वाट भोरकडे चढते. पोलादपुराकडून पारघाटाची वाट जावळीकडे जाते. खाली महाडावरून सावित्री बाणकोटाजवळ समुद्राला मिळते. वर देश, खाली बंदर आणि मधे आपण! प्राचीन राजांची वैरे समजून घ्यायची, तर आधी हा भूगोल ध्यानात घ्यावा.

इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास महाराष्ट्रावर सातवाहनांचे राज्य होते. पैठण ही त्यांची राजधानी. देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरे, सोपारा, कल्याण, चौल या बंदरांत येई आणि पश्चिमेकडच्या गलबतांत चढे. ज्याच्या हाती घाट आणि बंदर, त्याच्या हाती जकात. आणि जकात म्हटली की फौज आलीच.

ही दौलत शकांच्या डोळ्यांत भरली. क्षहरात कुळातील नहपान याने सातवाहनांना मागे रेटले. त्याचा जावई उषवदात याने दिलेल्या दानांचे लेख नाशिक व कार्ले येथील लेण्यांत आहेत. त्या काळच्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक सागरवृत्तात लिहिले आहे, की कल्याणला चुकून एखादे ग्रीक जहाज आलेच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेत असत. बंदराची अशी कोंडी झाली म्हणजे त्याच्यामागच्या घाटवाटाही ओस पडायच्या.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णी उठला. त्याने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर, मुळात नहपानाची असूनही, गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविला होता. राज्य बदलल्याची याहून स्पष्ट दवंडी कोणती?

पण मंडळी, विजयाची दुसरी बाजूही पाहा. आपल्या अठराव्या राज्यवर्षी गौतमीपुत्राने नाशिकच्या भिक्षूंना उषवदाताच्या ताब्यातले २०० निवर्तने शेत दिले. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, त्याच लेण्यात दुसरी आज्ञा कोरली गेली. आधी दिलेले शेत कसले जात नाही, गावही वसत नाही, म्हणून राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने देण्यात येत आहेत, असा तिचा आशय. राजाच्या आज्ञेने शेताचा धनी बदलतो. नांगर मात्र माणूस असेल तरच चालतो. हे त्या दगडाने नकळत सांगून ठेवले आहे.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. महाडजवळ, मुंबई-गोवा रस्त्यालगत, गांधारपाल्याची लेणी आहेत. तेथे काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याच्या पोढ्या यांचे दान त्यात नोंदले आहे. हा कुमार कोणी सम्राट नव्हता. राजपुरीच्या खाडीजवळ कुड्याच्या लेण्यांत ‘महाभोज’ असा किताब लावणाऱ्या घराण्याची नावे आहेत. तसाच हाही स्थानिक सत्ताधीश असावा. मोठी राज्ये येत-जात राहिली, तरी घाटाखालचा मुलूख रोज सांभाळायचा तो अशाच लोकांनी.

मध्ययुगातही हेच चित्र दिसते. शिवथरचे खोरे जावळीच्या मोऱ्यांच्या अमलात होते. मोरे आदिलशाहीचे अंकित, ‘चंद्रराव’ हा त्यांचा किताब. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि त्याच वर्षी रायरी, म्हणजे पुढचा रायगड, त्यांच्या हाती आला. घाट हाती आल्यावाचून कोकण आणि देश एका राज्यात नांदत नाहीत, हे महाराजांनी ओळखले होते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. इतिहासाच्या तासाला राजांची नावे पाठ करून घेण्याआधी मुलांना एकदा पाल्याला न्या. लेखात खोलीला ‘ओवरक’ म्हटले आहे, हे त्यांना सांगा. आपल्या देवळाची ‘ओवरी’ ती हीच, हे मुले आपण होऊन ओळखतील. विष्णुपालिताचे राज्य कधीच संपले; पण त्याच्या दगडावरचा शब्द अजून आपल्या घरात वावरतो आहे.