इन द स्ट्रीट

न्यूयॉर्क शहराच्या ईस्ट हार्लेम वस्तीतील दैनंदिन जीवन टिपणारा कृष्णधवल अनुबोधपट. छायाचित्रकार हेलन लेविट (१९१३–२००९), चित्रकार जॅनिस लोब आणि लेखक जेम्स एजी (१९०९–५५) यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्याचे चित्रण केले. त्यासाठी १६ मिमी. रुंदीच्या फिल्मवर चालणारे, हातात सहज मावणारे कॅमेरे वापरले, आणि ते शक्य तितके नजरेआड ठेवल्यामुळे माणसांच्या हालचालींत कृत्रिमता आली नाही. लेविट स्थिरचित्रे घेतानाही काटकोनी दृश्यदर्शक, म्हणजे समोर पाहत असल्याचे भासवून बाजूचे दृश्य टिपू देणारे साधन, वापरीत असत. तीच दृष्टी येथे चलच्चित्रात उतरली आहे.

सुमारे पंधरा मिनिटांच्या या मूकपटात निवेदन नाही, कथानक नाही. आहेत ती पायऱ्यांवर बसलेली वृद्ध माणसे, खिडकीतून वाकून पाहणाऱ्या स्त्रिया, आणि मुख्यतः मुले. हॅलोवीनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरला सोंगे घेऊन साजऱ्या होणाऱ्या सणाच्या दिवशी मुखवटे घालून पीठ भरलेल्या मोज्यांनी एकमेकांना झोडपणाऱ्या मुलांची दृश्ये या पटाचा गाभा होत, कारण त्यांत खेळ आणि हिंसा यांची सीमारेषा पुसट होते. दारिद्र्य दिसते, पण त्याची कीव केलेली नाही, हे या पटाचे मोठे वैशिष्ट्य. पुढे आर्थर क्लायनर यांचे पियानोसंगीत त्यास जोडण्यात आले. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतनयोग्य चित्रपटांच्या अधिकृत सूचीत, त्याचा समावेश झाला.