न्यूटच्या डोळ्याचे पुनर्जनन

न्यूट हा शेपूट असलेला उभयचर प्राणी. दिसतो पालीसारखा, पण अंगावर खवले नाहीत आणि नाते बेडकाशी. त्याच्या डोळ्यातले भिंग काढून टाकले तर महिन्याभरात नवे तयार होते. दृष्टिपटल गेले तर तेही, अधिक वेळ घेऊन, परत येते. पूर्ण वाढ झाल्यावर हे दोन्ही साधणारा पृष्ठवंशी प्राणी क्वचितच सापडेल. पाय नव्याने उगवून आणण्यात पटाईत असलेल्या ॲक्सोलॉटल या उभयचरालाही मोठेपणी भिंग परत आणता येत नाही.

 न्यूट अख्ख्या सह्याद्रीत नाही. भारतात तो पूर्व हिमालय व ईशान्येच्या डोंगरांपुरता आहे; दार्जिलिंगच्या परिसरातला न्यूट त्यांतला सर्वांत परिचित. डोळ्यावरचे बहुतेक प्रयोग उत्तर अमेरिकेतल्या लाल ठिपक्यांच्या आणि जपानमधल्या लाल पोटाच्या जातीवर झाले.

इटलीच्या व्हिन्चेन्झो कोलुची यांनी 1891 मध्ये भिंगाच्या पुनर्जननाची नोंद केली. 1895 मध्ये जर्मनीच्या गुस्ताव वोल्फ यांनी ते स्वतंत्रपणे दाखवले आणि नाव वोल्फ यांचेच रूढ झाले. त्यांना त्यातून डार्विनच्या सिद्धांताला कोंडीत पकडायचे होते. गर्भात भिंग बाहेरच्या त्वचेच्या थरापासून बनते, इथे ते परितारिकेपासून, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्यापासून, उगवते. असली इजा निसर्गात होतच नसेल, तर तिच्यावरचा उपाय नैसर्गिक निवडीतून कसा घडला? तो सिद्धांत त्यामुळे डळमळला नाही, पण निरीक्षण पक्के ठरले.

नवे भिंग कुठल्या राखीव पेशींतून येत नाही. बाहुलीच्या वरच्या काठावरच्या, रंगद्रव्याने भरलेल्या परिपक्व पेशी आपला रंग टाकतात, विभागू लागतात आणि सुमारे दहा दिवसांत त्यांची पोकळ पिशवी बनते. पुढे तिच्यातल्या पेशी लांबट तंतू होतात, भिंगाची प्रथिने तयार करतात आणि पारदर्शक होतात. खालच्या काठावरच्या पेशी दिसायला तशाच, पण ढिम्म हलत नाहीत. 2005 मध्ये बीएमपी हा रेणवीय संदेश अडवल्यावर त्या काठालाही भिंग फुटले. म्हणजे क्षमता होती, फक्त दाबलेली.

भिंग पुन्हा घडवण्याची क्षमता वयानुसार आटते का? गोरो एगुची, पानायोटिस त्सोनिस आणि सहकाऱ्यांनी यासाठी त्याच जपानी न्यूटांची भिंगे 16 वर्षांत 18 वेळा काढली. 2011 मध्ये निष्कर्ष आला तेव्हा प्राणी किमान तिशीचे होते आणि शेवटची भिंगेही रचनेत प्रौढ न्यूटच्या मूळ भिंगाच्या तोडीची होती. जीवशास्त्रात इतका चिकाटीचा प्रयोग विरळाच.

दृष्टिपटलाची दुरुस्ती त्यामागच्या रंगद्रव्य-थरातून होते. तिथल्या पेशी सुट्या होतात, वाढतात आणि दोन थर देतात: एक पुन्हा रंगद्रव्याचा, दुसरा चेतापेशींचा. दृक्-तंत्रिका मेंदूपर्यंत पुन्हा पोहोचते, तीही नेमक्या जुन्या जागी. रॉजर स्पेरी यांनी 1943 मध्ये न्यूटची ही तंत्रिका कापून डोळा 180 अंशांनी फिरवला. दृष्टी परतली, पण उलटी. आमिष वर धरले की प्राणी खाली झेपावे आणि अनुभवाने शहाणाही होईना.

माणसात त्याच रंगद्रव्य-थराच्या पेशी दृष्टिपटल सुटल्यावर कधी कधी विभागतात, पण त्यातून होतो व्रण, जो दृष्टिपटलाला आणखी ओढून धरतो. भिंगाचे काहीसे वेगळे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाचे आवरण जागेवर ठेवून आत कृत्रिम भिंग बसवतात. आवरणात उरलेल्या पेशी वाढल्या की दृष्टी पुन्हा धूसर होते. ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणून रुग्ण घाबरतात आणि डॉक्टर लेझरने वाट मोकळी करतात. 2016 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी हीच वाढ कामी आणली: जन्मजात मोतीबिंदू असलेल्या 12 बाळांच्या डोळ्यांत छोट्या छेदातून फक्त गढूळ गाभा काढला आणि आवरण जपले. काही महिन्यांत पारदर्शक भिंग वाढले. ते आवरणातल्या भिंगाच्याच पेशींतून आले. परितारिकेचा त्यात वाटा नव्हता.