आतला टाळकरी

मागच्या शनिवारी रात्री सव्वाअकराला आईचा फोन. या वेळी आईचा फोन आला की आपलंच काळीज आधी थाडकन उडतं. "काही नाही रे, घाबरू नकोस. पुन्हा सुरू झालंय. आतला टाळकरी चुकलाय."

आई गेली वीस वर्षं आमच्या कॉलनीच्या भजनी मंडळात टाळ वाजवते, त्यामुळे तिच्या उपमा तिथूनच येतात. कोणी सांगतं छातीत कबुतर फडफडतंय, कोणी सांगतं मासा उलटतोय, कोणी नुसतंच "कसंतरी होतंय". आईचं म्हणणं असं की लय जलद झाली तर एक वेळ चालतं, अभंग चढत गेला की ती होतेच. इथे लयच नाहीये. पुढचा ठोका कधी पडणार याचा काही म्हणजे काही अंदाज नाही.

या प्रकाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. शाळेत आपण हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका म्हणायचो, ते कप्पे एका तालात आकुंचन पावायच्या ऐवजी नुसतेच थरथरत राहतात, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा. मधे एक चौकीदार असतो म्हणून बरं, तो यातले बरेचसे इशारे अडवतो. पण जे खाली जातात ते कसेही जातात, आणि नाडी पूर्णपणे बेताल होते.

आईला हे आहे हे कळायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! झटका यायचा रात्री, डॉक्टरकडे जायची सकाळी, आणि सकाळी ईसीजी एकदम सरळ. मंडळी, तुमच्यापैकी निम्मे लोक माझ्याच धंद्यातले आहेत, तुम्हाला हे दुःख वेगळं सांगायला नको. क्लायंटकडे सिस्टिम रोज बंद पडते आणि आपल्या मशीनवर मस्त चालते. आपण काय म्हणतो? "इथे तर होत नाहीये हो." डॉक्टरही तेच म्हणाले, फक्त शब्द वेगळे होते: "टेन्शन घेता तुम्ही. ध्यान करा." (आमच्याकडे निदान क्लायंटला कोणी ध्यान करायला सांगत नाही.) शेवटी चोवीस तासांच्या मशीनमध्ये तो टाळकरी पकडला गेला, आणि मग सोनोग्राफीत कळलं की डाव्या बाजूची झडप अरुंद झालीये. लहानपणी गावी असताना तिचे सांधे सुजायचे, ताप यायचा, घसा दुखायचा. त्या संधिवाताच्या तापाने जाता जाता झडपेवर सही करून ठेवली होती.

तेव्हापासून मी या विषयाचं जे मिळेल ते वाचतोय. वाचता वाचता एक गंमत लक्षात आली. माणसांना हा त्रास शेकडो वर्षं होतोय, ते तो सांगतायत, वैद्य तो बोटांनी मोजतायत, आणि तरी त्याला नाव मिळालं १९०९ साली. म्हणजे राइट बंधूंचं विमान उडून सहा वर्षं झाल्यावर.

आपल्याकडे शार्ङ्गधर संहितेत नाडीचं वर्णन प्राण्यांच्या चालीवरून केलंय. वाताची नाडी जळू आणि सापासारखी, पित्ताची बेडूक-कावळ्यासारखी, कफाची हंस-कबुतरासारखी. आणि थांबून थांबून चालणारी नाडी प्राण घेणारी. ती नाडी म्हणजे हाच आजार असं छातीठोक म्हणणं चूक होईल, नाडी बेताल व्हायला इतर दहा कारणं असतात. पण बोटाखाली ताल चुकलेला वैद्याला कळत होता आणि त्याचा अर्थ तो वाईट लावत होता, एवढं नक्की. तिकडे इंग्लंडात विल्यम हार्वेने १६२८ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की मरणाऱ्या प्राण्याचं बाकीचं हृदय थांबलं तरी उजवी कर्णिका थोडा वेळ थरथरत राहते. थरथर एकाने पाहिली, बेताल नाडी दुसऱ्याने मोजली. या दोन गोष्टी एकच आहेत हे जोडायला अडीचशेच्या वर वर्षं जावी लागली.

औषध मात्र त्याआधीच आलं, तेही घरगुती. १७७५ च्या सुमारास विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरला श्रॉपशायरच्या एका म्हातारीच्या गुप्त काढ्याबद्दल विचारणा झाली. अंगात पाणी भरून सुजलेले, डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी ती बरे करायची. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग स्वतः वनस्पतिशास्त्र जाणणारा, त्याने ओळखलं की खरं काम यातलं फॉक्सग्लव्हच करतंय. पुढची दहा वर्षं तो डोस बदलत, नोंदी ठेवत राहिला आणि १७८५ मध्ये ते सगळं पुस्तकात छापलं, ज्यांना उपयोग झाला नाही अशा रोग्यांसकट. हे मला फार आवडलं. फेल झालेल्या केसेस रिपोर्टमधून गाळायचा मोह कोणाला होत नाही? त्या झाडापासूनचं डिजिटॅलिस हृदयाचा ताल परत आणत नाही, मधल्या चौकीदाराला फक्त कडक करतं, म्हणजे खालच्या कप्प्यांवरचा मारा कमी होतो. पण हे काही विदरिंगला माहीत असणं शक्य नव्हतं. त्या म्हातारीचं नाव इतिहासात खात्रीने कुठेच नाही, हे ओघाने आलंच.

आता माझा या गोष्टीतला सगळ्यात आवडता माणूस. जेम्स मॅकेंझी. स्कॉटलंडचा, पण १८७९ पासून लँकेशायरमधल्या बर्नली या कापडगिरण्यांच्या गावात साधा फॅमिली डॉक्टर. त्याच्या देखरेखीखालची एक गरोदर बाई बाळंतपणात हृदयविकाराने गेली. कोणत्या हृदयाला धोका आहे आणि कोणतं नुसतंच वेगळं वाजतंय, हे आपल्याला सांगता येत नाही, हे त्याला लागून राहिलं. म्हणून त्याने दवाखान्यात येणाऱ्या गिरणी कामगारांच्या नाड्या कागदावर उतरवायला सुरुवात केली. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची लाट, दोन्ही एकाच वेळी. पुढे एका घड्याळजीच्या मदतीने त्याने शाईने रेघ ओढणारं स्वतःचं यंत्र करून घेतलं, पॉलिग्राफ.

मानेतली लाट कशाला? कारण कर्णिका आकुंचन पावते तेव्हा तिथे एक छोटी उठावणी दिसते. मॅकेंझीकडे एक बाई होती, संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेली. तिला तो वर्षानुवर्षं तपासत होता, तिच्या रेघा जपून ठेवत होता. १८९८ च्या सुमारास तिची नाडी अचानक कायमची बेताल झाली, आणि त्याच वेळी मानेतली ती छोटी उठावणी गायब. त्याने निष्कर्ष काढला की कर्णिकेला लकवा झालाय. निष्कर्ष चुकीचा होता. ती लुळी पडली नव्हती, अतोनात धावत होती; इतकी की नीट ठोका असा पडतच नव्हता. पण निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, आणि मी लॅपटॉप बंद करून बराच वेळ नुसता बसून राहिलो. संधिवाताचा ताप, अरुंद झडप, मग एक दिवस ताल जाणं. बर्नलीची ती बाई आणि माझी आई, डिट्टो एकच केस. फरक इतकाच की तिच्या डॉक्टरकडे तिच्या अनेक वर्षांच्या रेघा होत्या. आईच्या डॉक्टरकडे दर वेळी कोरा केसपेपर.

पुढचा भाग भराभर सांगतो. हॉलंडमध्ये लायडनला विलेम आइंटहोवन याने हृदयाची वीज मोजणारं यंत्र केलं. वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसं, आणि रोग्याचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवायचे. यंत्र काही इस्पितळात नेता येईना, म्हणून त्याने सुमारे दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातून टेलिफोनच्या तारेने रोग्यांचे ठोके प्रयोगशाळेत आणले, आणि १९०६ साली त्यांचे आलेख छापले. त्यात या बेताल नाडीचाही आलेख होता. (रिमोट मॉनिटरिंग नवीन आहे असं कोणी प्रेझेंटेशनमध्ये म्हणालं की मला आता हे आठवतं :) ) मग १९०९ मध्ये लंडनच्या टॉमस लुइसने आणि स्वतंत्रपणे व्हिएन्नाच्या रोथबर्गर-विंटरबर्ग जोडीने ईसीजीवरून सिद्ध केलं की रोग्यांची ही बेताल नाडी म्हणजे प्राण्यांच्या प्रयोगात दिसणारी कर्णिकेची थरथरच. लुइस तेवढ्यावर थांबला नाही. बेताल नाडीचा घोडा शोधून त्याची छाती उघडून त्याने ती थरथर डोळ्यांनी पाहिली. लुइस हा मॅकेंझीचाच तरुण स्नेही. मॅकेंझी पुढे सर झाला, मोठा झाला, आणि १९२५ मध्ये हृदयविकारानेच गेला.

पण या सगळ्या मोठ्या लोकांपेक्षा मला एका व्यापाऱ्याला भेटायला जास्त आवडलं असतं. १९१२ साली वेंकेबाख या नामांकित हृदयतज्ज्ञाकडे एक डच व्यापारी आला. पूर्वेकडच्या डच वसाहतींत राहिलेला. नाडी बेताल, आणि त्याला ती दुरुस्त करून हवी होती. वेंकेबाख म्हणाला, हे मला जमणार नाही, कोणालाच जमत नाही. त्यावर गडी म्हणतो, मला जमतं, उद्या सकाळी येतो. दुसऱ्या दिवशी आला तर नाडी अगदी तालात! मलेरियासाठी घेत असलेलं क्विनाइन एक ग्रॅम घेतलं की ताल परत येतो, हे त्याचं त्याने शोधून ठेवलं होतं. वेंकेबाखने १९१४ च्या पुस्तकात हा किस्सा स्वतःच सांगितलाय, लपवला नाही. इतर रोग्यांवर ते फारसं चाललं नाही, पण १९१८ मध्ये फ्राय याने सिंकोनाच्या सालीतलीच दुसरी अर्कं तपासली आणि त्यातून क्विनिडिन हे अनेक वर्षं वापरलं गेलेलं औषध मिळालं. रोगी आपला त्रास रोज चोवीस तास बघत असतो, डॉक्टर पंधरा मिनिटं. कधीकधी रोग्याकडे जास्त डेटा असतो.

याचं आणखी एक उदाहरण. झटका आला की आईला दर वीस मिनिटांनी बाथरूमला जावं लागतं. तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं, "त्याचा काय संबंध हृदयाशी? आणि सांगायचं कसं?" संबंध आहे! कॅनडात अडोल्फो द बोल्ड याने १९८१ मध्ये उंदरांच्या कर्णिकेचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला, आणि त्यांना भराभर लघवी झाली. कर्णिकेवर ताण आला की ती स्वतःच एक हॉर्मोन सोडते. मी हे आईला फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी येडी नव्हते."

खरी भीती धडधडीची नसतेच म्हणा. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, गाठ होते, ती मेंदूत जाते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या अभ्यासातून १९७८ मध्ये दिसलं की झडपेचा आजार नसतानाही या लोकांना लकव्याचा धोका पाचपटीच्या वर आहे. झडप अरुंद असेल तर तो याच्याही कितीतरी पुढे. म्हणून रक्त पातळ ठेवायचं. आणि त्या गोळीची कथा म्हणजे कहरच आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. गाडीत एक मेलेली कालवड, कुजलेला चारा, आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त. त्या चाऱ्यातल्या द्रव्याचा शोध घेता घेता लिंकच्या मंडळींनी वॉरफरिन बनवलं. ते १९४८ मध्ये बाजारात आलं ते उंदीर मारायला. १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं, आणि १९५५ मध्ये हार्ट अटॅक आल्यावर खुद्द अध्यक्ष आयसेनहॉवर यांना दिलं गेलं.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत नव्या, सोयीच्या गोळ्या आल्यात, पण २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्यांसाठी वॉरफरिनसारखं जुनं औषधच सरस ठरलं. म्हणून आई आजही उंदराचं औषध घेते. दर महिन्याला रक्त तपासायचं, आकडा दोन ते तीनमध्ये ठेवायचा. पालक-मेथी बंद नाही, पण रोज साधारण सारखीच खायची, एकदम भाजीच्या गाडीवर तुटून पडायचं नाही. सुरी जपून वापरायची. दात काढायचा तर आधी विचारायचं. याच्या जोडीला जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबणं, थांबल्यावर शेजाऱ्यांना "फोन आला होता" सांगणं, आणि एकटीने प्रवास करायची धास्ती. हे कुठल्याच आलेखात येत नाही.

१९९८ मध्ये बोर्दोच्या हायसागेर यांनी दाखवलं की बऱ्याच लोकांत ही ठिणगी फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरांमध्ये पडते, आणि तिथे डाग देऊन ती थांबवता येते. अनेकांना त्याचा छान उपयोग होतो. आईच्या झडपेमुळे तिच्या डॉक्टरांनी सध्या त्या वाटेला न जायचं ठरवलंय. हे नवे डॉक्टर चांगले आहेत, ते तिचं ऐकून घेतात.

ज्या चोवीस तासांच्या मशीनने तिला पकडलं ते नॉर्मन होल्टर या अमेरिकन माणसाचं. त्याचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं, वजन ३८ किलो. म्हणजे रोग्याला आधी ते उचलता यायला हवं! आता तेच काम मनगटावरचं घड्याळ बऱ्यापैकी करतं, मी तिला दिवाळीत एक घेऊन दिलं. चार दिवस वापरलं आणि कपाटात ठेवलं. दर वेळी ते थरथरलं की हिचं काळीज थरथरायचं, आणि ते मेसेज आल्यावरही थरथरायचं.

तर शनिवारी रात्री. डॉक्टरांनी सांगून ठेवलेली जादा गोळी तिने आधीच घेतली होती. चक्कर नाही, छातीत दुखत नाही, श्वास ठीक, तोंड वाकडं नाही, हात वर होतायत, हे सगळं आम्ही फोनवर नेहमीसारखं तपासून घेतलं. मग फोन ठेवायला ती तयार नव्हती आणि मीही. ती दोन बोटं मनगटावर ठेवून मोठ्याने ठोके सांगत राहिली आणि मी इकडे लिहून घेत राहिलो, तारीख आणि वेळ घालून. आमच्याकडे आता अशा अडीच वह्या झाल्यात. पावणेदोनच्या सुमाराला ती मधेच थांबली. मी म्हटलं, "काय झालं?"

"थांब जरा... आला वाटतं समेवर. झोप आता, उद्या तुला सुट्टी आहे ना?"